हर्षे सरांनी न विचारलेला प्रश्न

श्रीरंग हर्षेंना आमच्या हिंदीभाषक शहरातल्या, राइट टाउन भागातल्या नर्सिंग कॉलेजात सगळे 'कंप्यूटरवाले सर' म्हणतात. मी तिथे शरीरशास्त्र शिकवतो. इतका पोकळ आणि तरीही इतका फुगलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

विद्यार्थिनींची यादी भरायला त्यांनी कंप्यूटरवर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली होती. ती सुरू केली की काळा पडदा यायचा आणि एक रेघ लुकलुकत राहायची. बस्स. नाव टाकायचं की जन्मतारीख, हे कुठेच लिहिलेलं नसे. चुकलात की स्क्रिप्ट मुकाट बंद. पुन्हा पहिल्यापासून भरा. ते गुपित आपल्यालाच ठाऊक, एवढीच काय ती या गृहस्थांची विद्वत्ता.

रांझीहून बसने येणारी अंजनी देवपुजारी ऑफिसात नवी लागली. तिने कशानंतर काय टाकायचं ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. हर्षेंनी तो कागद फाडला.

"सर, स्क्रीनवरच लिहा ना, स्क्रिप्ट काय विचारून राहिली ते," ती म्हणाली.

"ज्याला समजत नाही त्याने हात लावू नये," म्हणून ते पान खायला गेले.

परीक्षेची यादी पाठवायच्या दिवशीच हर्षेसाहेब मेहुण्याच्या लग्नाला नागपूरला. यादी काढताना रेघ मध्येच अडली. अंजनीने फोन लावला. मागे बँड वाजत होता.

"अरे, एंटर मार ना! काहून घाबरून राहिली?"

तिने मारलं. तिथे स्क्रिप्टला विचारायचं होतं, जुनी नावं पुसू का? प्रश्न हर्षेंच्या डोक्यातच राहिला होता आणि नुसतं एंटर म्हणजे होकार धरलेला. तीनशे बारा नावं गेली. दुसरी प्रत ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटे.

परतल्यावर प्राचार्य शैलजाबाईंसमोर ते म्हणाले, "न वाचता दाबलं हिने."

"काय वाचायचं होतं, सर?" अंजनीने विचारलं. "तिथे काही लिहिलंच नव्हतं."

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी समज अंजनीलाच दिली.

नऊ दिवस खपून तिने कागदी फॉर्मांवरून नावं पुन्हा भरली. मग स्क्रिप्टच उघडून ती सुधारत बसली. आता प्रत्येक जागी सरळ हिंदीत प्रश्न येई: 'छात्रा का पूरा नाम?' चुकलं तर तोच प्रश्न पुन्हा. पुसायचं असेल तर 'मिटाओ' हा अख्खा शब्द लिहावा लागे.

"ही तर बालवाडी झाली," हर्षेंनी नाक मुरडलं.

पुढे अंजनीला रेल्वेत नोकरी लागली. गेल्या महिन्यात कॉलेजात बाहेरचे तपासनीस आले, स्क्रिप्ट बघून खूश झाले. कोणी केली, म्हणून विचारलं.

"मैंने ही, जी," हर्षे छाती काढून म्हणाले.

"अंजनी देवपुजारीने," मी म्हणालो, आणि पाहुण्यांना हिंदीतूनही सांगितलं.

तेव्हापासून हर्षे माझ्याशी बोलत नाहीत. फार बरं झालं.