आक्कानं न दिलेले बारा शब्द

आमच्या घरात एक किस्सा फार चालतो. बारसं असो, कुणाचं डोहाळजेवण असो — जेवणं उरकून बायका भिंतीला टेकल्या की कुणीतरी म्हणतंच, वंदीनं आक्काची परीक्षा कशी घेतली ते सांग की. मग आक्का, माझी थोरली बहीण, स्वतःच सांगते, माझ्या आवाजाची नक्कल करून. सगळे पोट धरून हसतात. मीही हसते. त्या किश्श्याचा कणाच खोटा आहे, आणि हे जगात फक्त मला ठाऊक आहे. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्ही आक्काला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमतंय — हे आधीच मान्य करते.

मी वडगावची. आप्पा विणकर, घरात दोन पॉवरलूम. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी — बी.कॉम. हे मी मिनिटामिनिटाला ऐकवते असं माझा थोरला भाऊ अण्णा म्हणतो, आणि त्याचं काही चुकत नाही. उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात अकौंट्स बघते. अभिमान आहे मला. का नसावा? पण मी कॉलेजला जायचे तेव्हा आक्का मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची. सातवीनंतर तिची शाळा सुटली ती त्यासाठीच. कांडी नाही तर माग नाही, माग नाही तर माझी फी नाही. हे मला कायम ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि मानणं वेगळं — नाही का?

आप्पा गेले. माग विकले. तिघांनी आपापल्या हिश्शातला काही भाग बाजूला काढला, आईच्या म्हातारपणासाठी. बरेचसे पैसे बँकेत गेले. उरलेल्याचं बिटकॉइन घेऊ आणि वर्षानुवर्षं हात लावायचा नाही, असं मी सुचवलं. अण्णा म्हणाला, तू शिकलेली हायस, बघ काय ते. आक्का निपाणीला दिलेली, फॉल-पिकोची मशीन चालवते; तिनं फोनवर एवढंच विचारलं, "चोराला सापडणार न्हाय न्हवं?" केवढा हा भरवसा. आज आठवलं तरी ऊर भरून येतो — आणि लगेच मान खाली जाते.

बिटकॉइन ठेवायचं म्हणजे खरं तर चावी ठेवायची. चावी म्हणजे बारा इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमानं. ज्याच्याकडं शब्द, त्याचे पैसे. गेले तर जाऊन रडायला बँकेसारखी खिडकीही नाही. सुरुवातीला मी सगळं एका ॲपवरच ठेवलं होतं. पण दुसऱ्या एका ॲपवर लोकांचे पैसे अडकल्याचं ऐकलं आणि माझी झोप उडाली. चावी आपल्याच घरात हवी. पण कुणाकडं?

वाट दाखवली ती आईच्या भिशीनं. आमच्या गल्लीतल्या बायकांच्या भिशीच्या पेटीला दोन कुलपं असायची, चाव्या दोन वेगळ्या घरांत. एकटीला पेटी उघडताच येत नसे. भांडणं पुष्कळ झाली त्या बायकांत, पण पेटीवरून कधी नाही. तसंच मी केलं. तीन चाव्या — अण्णाची, आक्काची, माझी — आणि कुठल्याही दोन जुळल्याशिवाय पैसे हलणार नाहीत. एकाची हरवली तरी बाकीचे दोघं आईला बघतील. सही करायला एक छोटं यंत्र, इंटरनेटला कधीच न जोडलेलं. बंद केलं की ते सगळं विसरतं, म्हणून दर वेळी ज्यानं त्यानं आपले शब्द त्यात भरायचे. आणि शब्द जपायचे स्टीलच्या पट्टीवर, ठोकून. म्हणजे आग लागो, पाणी शिरो, अक्षर जात नाही. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात.

एका रविवारी माहेरच्या घरी बसलो. अण्णानं फौंड्रीतल्या मित्राकडून अक्षरं ठोकायचे पंच आणलेले. एकेकानं आतल्या खोलीत जायचं, यंत्र देईल ते शब्द कागदावर घ्यायचे, पट्टीवर ठोकायचे, कागद जाळायचा. पट्टी कुठं ठेवली ते कुणी कुणाला सांगायचं नाही. मी मास्तरणीसारखी उभी राहून सांगितलं — शब्द मागणारा तो चोर. मी मागितले तर मीसुद्धा चोर. आक्कानं मान डोलावली, शाळेत डोलवायची तशीच.

तिला सगळ्यांत जास्त वेळ लागला. आतून ठोकल्याचा आवाज येतोय, आणि अण्णा बाहेरनं ओरडतोय, "आक्का, भांड्यावर नाव घालालीस का भांडं फोडालीस गं?" आतून उत्तर, "गप बस की रं. एक अक्षर चुकलं तर तुझ्याकडनंच भरून घेतो बघ."

बाहेर आली ती घामेजलेली, खूश. कागद माझ्या हातात दिला. तिन्ही कागद मीच जाळणार होते, चुलीत. अण्णाचा जाळला. माझा जाळला.

आक्काचा नाही.

तो घडी करून मी पर्समध्ये घातला. माझं सासरही वडगावातच; घरी येऊन कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला. माझी चावी आणि तिची — झाल्या दोन. त्या दिवसापासून त्या पेटीला कुलपं तीन दिसायची, पण उघडायला मी एकटी पुरे होते.

का केलं? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले — आक्काचं घर भाड्याचं, पोरं लहान, इंग्रजी येत नाही, पट्टी कुठंतरी भंगारात जाईल. काळजीनं केलं. पण काळजीच होती तर अण्णाचा कागद का जाळला? त्याचं तरी घर कुठं मोठं टापटीप? नाही — काळजी नव्हती. अण्णा आणि आक्का लहानपणापासून एकमेकांचे. मी मागाहून आलेली, पुस्तकात तोंड घातलेली. कुठल्याही दोन चाव्या म्हणजे त्या दोघांच्याही. ते दोघं एक झाले तर मला न विचारता काढतील, ही भीती मला त्या चुलीपुढं वाटली. आक्काबद्दल. जिनं कांड्या भरल्या तिच्याबद्दल.

पुढं काही वर्षं काहीच झालं नाही. आक्का दिवाळीला यायची. मी गमतीनं विचारायचे, आहे ना गं जागेवर? ती म्हणायची, "असंल. तुला कशाला?" आणि हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा — का यायचा? मला तिचं गुपित माहीत होतं, तरी ती ते माझ्यापासून जपत होती, म्हणून?

मग तो दिवस. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मला एक मेल आला — तुमच्या बिटकॉइन वॉलेटचं सॉफ्टवेअर जुनं झालं, आज नव्यात आणलं नाही तर खातं कायमचं बंद. पान हुबेहूब नेहमीसारखं. दुसऱ्या कुणी मला तो मेल दाखवला असता तर मी हसले असते. पण आईचे पैसे, आजची मुदत — मी माझे बारा शब्द त्या पानावर भरले. होय, मी. दोघांना मास्तरणीसारखं शिकवणारी. ते मला पाठ होते, पट्टी काढायचीही गरज पडली नाही. पान म्हणालं, आता दुसरी चावी.

दुसरी चावी वडगावात, शालूच्या घडीत. घरी जाऊन यायचं म्हणजे वेळ जाणार. म्हणून मी आक्काला फोन लावला.

"शब्द? न्हाय गं, ते न्हाय द्यायचं," ती म्हणाली. मी समजावलं, ओरडले. ती म्हणाली, "तूच सांगिटलीस न्हवं, तू मागिटलीस तरी द्यायचं न्हाय म्हणून."

त्यावर मी जे बोलले ते लिहिताना हात अडतोय. पण कमी करून लिहिलं तर पुन्हा खोटंच होईल. मी म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं? अडाणी ती अडाणीच राहिलीस. आईचे पैसे बुडाले तर फॉल-पिको करून फेडणार आहेस?

पलीकडं मशीनचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, "दे की शिव्या. शब्द न्हाय देत." आणि फोन ठेवला.

मी साहेबांना पोटात दुखतंय सांगून स्कूटर काढली. घरी जाऊन तो कागद काढायचा, भरायचे, संपलं. उद्यमबाग ते वडगाव, लांब नाही. पण तेवढ्या वाटेत राग उतरत गेला आणि आपलीच वाक्यं ऐकू यायला लागली. मागणारा तो चोर. मी कुणासाठी मागत होते? दारात स्कूटर लावून, हेल्मेट न काढताच मी तो मेल पुन्हा उघडला. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात भलतंच काहीतरी होतं. दुपारी मी ते बघितलंच नव्हतं.

नीट समजून घ्या. तो कागद त्या दिवशी माझ्या पर्समध्ये असता तर मी आक्काला फोनच केला नसता. बसल्या जागी तिचे शब्द भरले असते, आणि आईचं सगळं गेलं असतं. मी चोरलेलं घरी होतं आणि आक्कानं जपलेलं दिलं नाही — त्या फटीत आमचे पैसे वाचले. किती बारीक फट ती. देवाचे आभार मानू? मानते. पण आधी आक्काचे.

आता एक चावी चोरांच्या हातात होती. नव्या चाव्या करून पैसे ताबडतोब हलवायला हवे होते. कागद माझ्याकडं होता. त्याच संध्याकाळी मी एकटी ते करू शकले असते. पण मग दुसरी सही कुठून आणली, हे सांगावं लागलं असतं. अण्णा रात्रपाळीला होता. म्हणून मी थांबले. आईची पेटी एका फुटक्या कुलपावर ठेवून, माझी चोरी झाकायला, मी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले.

सकाळी अण्णाच्या सहीसाठी मी माहेरी पोचले, तोच आक्का न बोलावता पहिल्या बसनं आली. डोळे सुजलेले. पट्टी कापडात बांधून कमरेला खोचलेली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "रागवू नको वंदे. मशीन दे, मी माझ्या हातानं घालतो. तू तिकडं तोंड कर." आई होती, अण्णा होता. सगळे माझ्याकडं बघत होते, काय झालं म्हणून. आणि माझ्या तोंडातून आलं —

"अगं वेडे, मी तुझी परीक्षा घेतली. फसवणारे फोन करायला लागलेत लोकांना. तू देतीस का बघत होते."

आक्काचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "म्हंजे मी पास झालो व्हय?" अण्णा म्हणाला, सातवीनंतर पहिल्यांदाच. आईनं माझ्या हुशारीचं कौतुक केलं. आणि आक्का डोळे पुसत, हसत म्हणाली, "शिव्या बी लई खऱ्यागत दिल्यास गं. मला रडूच आलतं."

मी हसले. सगळ्यांबरोबर हसले.

मग सावधगिरी म्हणून चाव्या बदलू, असं सांगितलं, आणि मी भिंतीकडं तोंड करून बसले. जुन्या वॉलेटमधून पैसे हलवायला आक्का आपले शब्द यंत्रात भरत होती, एकेक अक्षर पुटपुटत, पदराआड यंत्र धरून, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. आणि आदल्या रात्री मी तो कागद इतक्यांदा उघडला होता, की तिचा प्रत्येक पुढचा शब्द मला तिच्याआधी माहीत होता. भिंतीकडं तोंड करून बसणं इतकं अवघड असतं, हे मला कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी ज्याचा कागद त्यानं जाळला. आक्काची चावी तेव्हापासून खरोखर तिची आहे. जुना कागद मी नंतर जाळला. त्यावरची तिची ती तिरकी, दाबून काढलेली इंग्रजी अक्षरं मात्र अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बँकेतलं पुरलं नाही, म्हणून बिटकॉइनला पहिल्यांदा हात लावला. अण्णा आणि आक्कानं सह्या केल्या. माझी गरजसुद्धा पडली नाही. ज्याची मला चुलीपुढं भीती वाटली होती तेच झालं — ते दोघं एक झाले, आईसाठी. माझ्या भावंडांचे उपकार मी कुठल्या तोंडानं मोजू? आई आज चालते. काठी घेऊन, पण स्वतःच्या पायांवर, गल्लीच्या टोकाला जाऊन येते.

दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी ती पहिल्यांदा आधाराशिवाय उभी राहिली. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "शिकलेली लेक हाय म्हणून उभी ऱ्हायलो बघ." आक्का खाली बसून तिच्या पायात चप्पल सरकवत होती. वर न बघता म्हणाली, "व्हय की. वंदी हाय म्हणून सगळं."

मी वाकले, आणि तो आशीर्वाद घेतला.