मागे वळणारी बोटं

२००३ मध्ये आम्ही न्यूझीलंडला निघालो, तेव्हा सांगलीतल्या आमच्या दारात मुंबईला जाणारी गाडी कितीतरी वेळ नुसती घरघरत उभी होती. ड्रायव्हर वैतागला होता, बाबा टपावरच्या बॅगांची दोरी पुन्हापुन्हा ओढून बघत होते आणि आई तीन वर्षांच्या मुक्ताला मांडीवरून उतरू देत नव्हती. "रोज संध्याकाळी हिच्याकडून परवचा म्हणून घे," ती मला म्हणाली. "हिचं मराठी सुटलं, तर मी हिच्याशी बोलू कशात?" मला आधीच रडू येत होतं, त्यामुळे मी फटकन म्हटलं, सुटायला तो काय दुधाचा दात आहे?

सुटलं. ऑकलंडच्या बॉटनी डाउन्समधल्या घरात मी पहिली दोन वर्षं नेटाने परवचा म्हणून घेतला. मग तिची शाळा सुरू झाली. आता मुक्ताला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं इंग्रजीत. संध्याकाळी दिवा लावला की आमच्याकडे भांडण ठरलेलं. रविवारी आई फोनवर विचारते, जेवलीस का गं? मुक्ता म्हणते, यप. मग आई मला विचारते, यप म्हणजे हो ना? तुम्ही तिकडे भारतात बसून सांगता की घरात बोललं की मुलांना आपोआप येतं. आपोआप काही येत नाही. जातं मात्र आपोआप.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या क्लिनिकच्या रिसेप्शनवर चांथी बसते, ती कंबोडियाची. थायलंडच्या सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीतून चौदाव्या वर्षी इथे आली. दुपारी आम्ही एकत्र डबा खातो आणि मी घरच्या आठवणी काढायला लागले की ती शांतपणे म्हणते, "तुझं बरं आहे. तू विमानात बसलीस तेव्हा परत जाता येणार हे तुला माहीत होतं." मी डब्यातली पोळी तिच्याकडे सरकवते.

एका दुपारी तिने डबा उघडलाच नाही. तिची आई नऊ वर्षांच्या नातीला, म्हणजे चांथीच्या मुलीला, बोफाला, त्यांचं जुनं दरबारी नृत्य शिकवत होती. शनिवारी हॉलमध्ये आणखी पाचसहा मुली यायच्या. त्या नृत्यात बोटं मागे, मनगटाच्या दिशेला कमानीसारखी वळावी लागतात आणि त्यासाठी आजी रोज एकेक बोट धरून मागे दाबत. बोफा वर्गात बोटं चोळताना दिसली म्हणून शाळेने चांथीला बोलावलं होतं. पुन्हा असं दिसलं तर बालकल्याण खात्याला कळवावं लागेल, असंही सांगितलं होतं.

"माझं आई ऐकत नाही," चांथी म्हणाली. "तुझं ऐकेल. याने हाडं बिघडतात एवढंच तिला सांग."

आधी बोटं बघते, असं मी म्हटलं. ती चिडली. बघायचं काय त्यात, नुसतं सांगायचं, म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. नवरा ऑफिसात होता, म्हणून मुक्तालाही न्यावं लागलं. दाराशी जँडल्सचा, इथल्या रबरी चपलांचा, ढीग, आत उदबत्तीचा वास. त्यांच्यातही गुरुवार गुरूचा. बोफाने आधी फळीवर पूजेला ठेवलेल्या नाचाच्या मुकुटापुढे हात जोडले, मग आजींपुढे, आणि हात गुडघ्यावर ठेवून बसली. आजी एकेक बोट मागे दाबू लागल्या. माझ्या शेजारी चांथी दात आवळून उभी होती.

मी बोफाला जवळ घेतलं, एकेक सांधा दाबून पाहिला. सूज नव्हती, कुठे कळ नव्हती. दुखतं का विचारलं तर म्हणाली, थोडंसं, पण स्विमिंगला जास्त दुखतं. चांथी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला माझ्याकडून एक वाक्य हवं होतं. मी ते बोलले असते तर आजींनी मानलं असतं, मला त्या डॉक्टरच म्हणतात. आणि त्या दिवशी ते नृत्य संपलं असतं, कारण या शहरात ते शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं. आजींबरोबर राजवाड्यात शिकलेल्या बहुतेक मुली सत्तरच्या दशकात राजवाड्याशी संबंध असलेल्यांच्या जिवावर उठलेल्या तिथल्या राजवटीत मारल्या गेल्या होत्या. हे मला माहीत होतं, पण आपल्याला बातम्या माहीत असतात तितकंच.

मी वेळ काढायला म्हटलं, आजींचेही हात बघू दे. चांथीने नाइलाजाने सांगितलं. आजींनी दोन्ही मुठी मांडीवर ठेवल्या. शिकवणं थांबलं की चार माणसांत त्या नेहमी तशाच बसायच्या, मला तो संधिवात वाटायचा. उघडताना दुखतं का, असं मी विचारायला लावलं.

आजी बराच वेळ बोलल्या. चांथी मध्येच थांबत, शब्द शोधत मला सांगत गेली. सैनिक हात बघायचे. बोटं अशी मागे वळली की बाई राजवाड्यातली, हे कुणीही ओळखायचं. आजींनी, मी बाजारात भाजी विकायचे, असं सांगितलं आणि ती सगळी वर्षं माणसांसमोर मूठ उघडली नाही. पुढे तीच सवय राहिली.

त्यावर चांथीने त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं आणि मला सांगितलं नाही. आजींनी मान खाली घातली. एवढंसं उत्तर दिलं.

मग चांथी माझ्याकडे वळली. "सैनिकांनी सगळ्यांना शहरातून हाकललं तेव्हा मी पाच वर्षांची होते. बाकीच्या आया मुलांचा हात धरून चालत होत्या. हिने मला फ्रॉकला धरून चालवलं. माझा हात हिला नकोसा आहे, असं मला इतकी वर्षं वाटायचं." तिने बाहीने डोळे पुसले. "ती म्हणते, हात धरला असता तर बोटं दिसली असती."

मला सांगायचं होतं ते मी सांगून टाकलं. बोफाची बोटं ठीक आहेत, आधी कोमट पाण्यात हात धरा, ती थांब म्हणाली की थांबा. कुणी ऐकत होतं असं वाटलं नाही. चांथीने खाली बसून आपला हात आईपुढे केला. आजींनी मूठ उघडली, तो हात घेतला आणि बहुधा सवयीनेच बोट मागे दाबायला लागल्या. छत्तिसाव्या वर्षी बोटं तशी वळत नाहीत, हे मी पेशंटना रोज सांगते. त्या दिवशी सांगितलं नाही.

"शाळेशी मी बोलते," चांथी मान वर न करता म्हणाली. "शनिवारी बोफा हॉलवर जाईल."

मी मुक्ताला घेऊन निघाले. गाडीत तिने मागून इंग्रजीत विचारलं, बोफाची मम् का रडत होती? इंग्रजीत सांगणं सोपं होतं. मी मराठीत सुरुवात केली. मुक्ता मूठ या शब्दाला अडली, तेव्हा सिग्नलला मी हात मिटून दाखवला. फ्रॉक धरून चालणाऱ्या आईपर्यंत आले आणि सिग्नल सुटला.

"मग?" मुक्ता म्हणाली.

आमचं घर आलं, गराजचं दार वर गेलं, पण आम्ही दोघी गाडीतून उतरलो नाही. मी सांगत होते.