सगळ्याच प्रोग्रॅमना लावलेली सेटिंग

हर्सूलला आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं, त्या दुष्काळात फुलंब्रीहून माझा चुलतभाऊ आमच्याकडं राहायला आला. शेंद्र्याच्या एका नव्या कारखान्यात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारी माणसं घेणार होते, महिन्याभरानं परीक्षा होती. दादानं कोर्स केलेला, पण सरावाला कॉम्प्युटर फक्त माझ्याकडं.

मी तेव्हा गेममधला मोठा पंडित. गेमच्या आतली सेटिंग पोरासोरांसाठी, खरा माणूस ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये हात घालतो, असं कॉलेजात सांगत फिरायचो. तिथंच मी चित्रातल्या कडा गुळगुळीत करायचा पर्याय जबरदस्तीनं चालू करून ठेवला. गेम झकास दिसायला लागला.

दादाच्या ड्रॉइंगमध्ये मात्र रेषा पुसट व्हायच्या, मापांचे आकडे फिसकटायचे. "मशिनला काय झालंय का रे?" त्यानं दोनदा विचारलं. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण आमच्या घरचं खातो म्हणून आवाज खालीच. मी हेडफोनही न काढता म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं." आई हसली. तोही हसला आणि बादल्या भरायला गेला.

परीक्षेला चार दिवस असताना त्यानं पिशवी भरली. "लई बारीक काम हाय. माझ्यानं नाय व्हायचं." आईनं थांब म्हणून पाहिलं. मला कॉम्प्युटर मोकळा झाल्याचाच आनंद. लिहितानाही लाज वाटते, पण तसंच होतं.

दोन दिवसांनी प्रोजेक्ट टाइप करायला बसलो, तर अक्षरं तशीच पुसट. तेव्हा कुठं माझ्या दीडशहाण्या डोक्यात उजेड पडला. ड्रायव्हरमधली ती सेटिंग मी एका गेमपुरती न ठेवता सगळ्याच प्रोग्रॅमना लावली होती. गेमच्या आत बदलली असती तर गेमपुरतीच राहिली असती. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते मीच केलं होतं. दोन क्लिकमध्ये सरळही झालं.

परीक्षेला अजून दोन दिवस होते. फुलंब्री काय लांब? फोन उचलला आणि परत ठेवला. चूक माझी, एवढं म्हणायला जीभ रेटेना.

मागच्या दिवाळीत त्याच्या मुलीनं त्याच्यापुढं मोबाइल धरला, कॉलेजचा फॉर्म भरायचा होता. तो म्हणाला, "काकाला दे बाई. आपल्याला मशिनमधलं कळत नाय, हे काकानं तवाच वळखलं व्हतं."

मी मोबाइल घेतला आणि फॉर्म भरून दिला.