ताईचं वजन आणि ज्वारीची राखण

ताईच्या छातीच्या कॅन्सरचे उपचार संपले आणि तिच्या गावात, उंद्रीत, लाडूंचा पूर आला. एका बाजूचा स्तन काढलेला, मग औषधांची सलाइनं, केस गेलेले आणि आता कुठे बोटभर परत आलेले. पण गावाला एवढंच कळत होतं, की बाई मोठ्या दुखण्यातून उठली आहे. दुखण्यातून उठलेल्या बाईला काय द्यायचं हे आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. बाळंतिणीला देतात तेच. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, वर तूप. शेजारच्या चाचींनी तर गाजराचा हलवा पातेल्यासकट आणून ठेवला आणि पातेलं रिकामं होईपर्यंत रोज येऊन झाकण उघडून बघत राहिल्या.

मी तेव्हा चिखलीत शाळेत शिकवत होते. दर रविवारी जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन उंद्रीला जायचे. ताईवरचा भार हलका करावा म्हणून मीही लाडू खायचे. त्या कामात मी कधी कुचराई केली नाही, हे माझ्याकडे बघून कोणीही सांगेल.

ताई भरत गेली. आधी गाल, मग दंड, मग सगळीच. येणाऱ्याजाणाऱ्या बायका तिचा दंड दाबून खूश व्हायच्या. "आता कशी भरली वं अंगानं! पह्यले नुसती काडी झालती." भाऊजींच्या आणि ताईच्या पोरींच्या चेहऱ्यांवर तर बक्षीस मिळाल्यासारखा आनंद. मलाही बरंच वाटत होतं. वाळलेलं माणूस आजारी आणि भरलेलं माणूस बरं, एवढं साधं गणित आम्हा सगळ्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

उन्हाळ्यात तपासणीसाठी आम्ही तिघं बुलडाण्याला गेलो. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या विद्यार्थिनीसारख्या, पण नजर कडक. त्यांनी ताईला वजनकाट्यावर उभं केलं, जुन्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

"तब्येत सुधारली मॅडम," भाऊजी अभिमानानं म्हणाले.

मग आम्हा तिघांची जी खरडपट्टी निघाली, ती आठवली की अजूनही माझे कान गरम होतात. या आजारानंतर वजन असं वाढणं चांगलं नाही. पाळी गेल्यावर बाईच्या अंगातली चरबीच स्त्री-संप्रेरक तयार करते, आणि ताईला झाली होती त्या प्रकारच्या गाठीला तेच खतपाणी. लाडू बंद.

ताई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मॅडम, आमची मायबी याच्यातच गेली. रक्तातच हाय ते. लिहेल असन ते होईन. मंग तोंड कायले बांधू?"

खरी गोष्ट ही होती. लाडवांचा दोष नव्हता. ताईनं मनातून हात टेकले होते, आणि ते मला त्या खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा कळलं. मला तिचा राग आला. तिच्यामागे मी होते ना. माय गेली, ताईला झालं, म्हणजे पुढचा नंबर कुणाचा हे मला रोज आंघोळीच्या वेळी आठवायचं. पण माझी भीती माझ्यापाशी. त्या दिवशी प्रश्न ताईचा होता. दुखणं परत येऊ नये म्हणून ती हातपाय हलवणार, की बसून वाट बघणार?

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. आईकडून आलेलं काही बायकांत असतं, ते रक्त तपासून बघता येतं, ते आपण बघू, असं म्हणाल्या. पण पेशीत जे लिहिलेलं असतं ते सगळंच्या सगळं वाचलं जात नाही. त्यावर बारीक खुणा असतात, हे वाचा, हे झाकून ठेवा अशा. त्या खुणा जन्मभर बदलत राहतात. खाणं, चरबी, अंगातली बारीक सूज, हालचाल, या सगळ्यांचा त्यांच्यावर परिणाम होतो असं दिसतंय. याला एपिजेनेटिक्स म्हणतात, आणि अजून बरंच शोधायचं बाकी आहे.

भाऊजी खुर्चीत पुढे सरकले. ते म्हणाले, "म्हंजे आमच्या बीटी कपाशीसारखं, बियान्यातच काही घुसवलं?"

"उलट. बियाणं तेच."

"आन वावर बिघडलं."

"बरंचसं तसंच," बाई हसल्या. "पण माणसाचं वावर एका हंगामात सुधारत नाही, आणि सुधारलं तरी मी गॅरंटी देत नाही. घरी खाता काय?"

पोळी, भात, बटाटा आणि डब्यातलं तेल. भाकरी? भाकरीचं नाव निघालं तसे आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. ज्वारी घरात होती कुठे?

बीटी आली तेव्हा पहिली काही वर्षं बोंडं अशी लागली की बांधापर्यंत कपाशीच कपाशी झाली. तिला आमच्याकडे पराटी म्हणतात. ज्वारी गेली, तिच्यासोबत मूग, बरबटी, अंबाडी गेली. आमच्या लहानपणी वावरातून येताना मायच्या पदराच्या ओट्यात सांजेची भाजी असायची. आता ताईच्या घरी कापूस मोप पिकायचा आणि खायचं सगळं चिखलीच्या दुकानातून यायचं. कुणी जाणूनबुजून केलं नव्हतं, पण झालं होतं.

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीबाहेर बघत होती. घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "हिरीजवळच्या तुकड्यात यंदा ज्वारी पेरा."

"साऱ्या शिवारात पराटी आन आपली एकल्याची ज्वारी?" भाऊजी ओरडले. "पाखरं पंगत लावतीन!"

"लावू द्या. मी हाकलीन."

पेरली. आणि कणसं भरायला लागली तशी पंगत बसलीच. शिवारातल्या झाडून सगळ्या चिमण्या आणि पोपटांना निमंत्रण गेल्यासारखं झालं. ताई पहाटे उठून वावरात जायची. ऑपरेशनच्या बाजूचा हात नीट वर जात नव्हता, म्हणून दुसऱ्या हातानं गोफण फिरवायची. सुरुवातीला दगड पाखरांकडे सोडून सगळीकडे गेले. एक भाऊजींच्या पाठीत बसला. रविवारी मी डबा बडवत वावराच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत पळायचे. पळायचे म्हणजे आपली चालायचे, पण धाप पळाल्यासारखीच लागायची. दोन चांगल्या घरच्या प्रौढ बायका हो-हो करत बोंबलताहेत हे बघायला लोक बांधावर थांबायचे. "बिमार बाईले राखनीले धाडलं!" म्हणून भाऊजींची गावात छी-थू झाली. चाचींनी दया येऊन वावरातच लाडू धाडले. ते ताईपर्यंत पोचू न देणं माझं काम होतं. मी ते धुऱ्याआडच संपवून टाकलं.

त्याच वर्षी बोंडअळीनं कपाशी खाल्ली. बाहेरून हिरवं दिसणारं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. माणसं पारावर नुसती बसून राहायची. भाऊजीही त्यातच. पराटीच्या वावराकडे बघवत नव्हतं. एक दिवस ते उठून ज्वारीत आले, ताईच्या हातातली गोफण घेतली आणि इतक्या जोरात ओरडले की पाखरंच काय, आम्हीही दचकलो. मग ते रोज यायला लागले.

पाखरांचा वाटा जाऊन ज्वारी फार राहिली नाही. पण भाकरी, ठेचा, भाजी, डाळ हे घरात परत आलं, आणि बायका ताईचा दंड दाबून "उतरली वं!" म्हणून हळहळू लागल्या.

पुढच्या तपासणीला काटा बराच खाली आला होता. रक्तात मायकडून आलेलं काही निघालं नव्हतं, आणि बाकीचे रिपोर्टही चांगले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतापुरतं छान आहे, सहा महिन्यांनी या. मग ताईनं मला दंडाला धरून त्यांच्यापुढे बसवलं, "आता हिले पाहा." त्यांनी मला तपासलं, काही निघालं नाही, आणि वजनावरून मी यथेच्छ ऐकून घेतलं.

बुलडाण्याच्या स्टँडवर आम्ही बसची वाट बघत बाकावर बसलो. भाऊजी पेरू आणायला गेले होते. मला हलकं वाटत होतं, म्हणून चारचौघी म्हणतात तेच मी म्हणाले, "बरं झालं वं ताई. पोरींसाठी तरी तू पाहिजे."

ती माझ्याकडे वळली. "काऊन? पोरी मोठ्या झाल्या, त्या आपलं करतीन. सारे तेच म्हनतात मले. पोरीसाठी जग, नवऱ्यासाठी जग." तिचा आवाज एवढा चढला की शेजारची बाई बघायला लागली. "मले जगायचं हाय. माह्यासाठी. मले बरं वाटते जगायले."