बारदान्याखालची बाई

फोटोला भिणारा माणूस साऱ्या गोंदिया जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझा व्याही. राहतात बोदलकशाच्या तलावाच्या अंगाला. धानाच्या बांधीत रानडुक्कर शिरलं तर हे काठीवाचून धावतात आणि त्याला भाऊबंदासारख्या शिव्या देतात. मी चौथी नापास, ते तिसरी पास, तरी माझ्याच शिक्षणाला हसतात. असा गडी विहीणबाईंच्या वर्षश्राद्धापासून चळाचळा कापू लागला.

विहीणबाईंचा फोटो एकच, आधार कार्डावरचा, डाकतिकिटाएवढा, धुरकट. श्राद्धासाठी तिरोड्याच्या फोटोवाल्यानं तो कॉम्प्युटरच्या एआयला दिला आणि हातभर उंच बाई काढून दिली. गोरीपान, डोळे पाणीदार, दात एका ओळीत. माझी लेक, म्हणजे त्यांची सून, म्हणाली, छान आहे. व्याह्यांनी त्यावर धानाच्या पोत्याचा बारदाना टाकला. त्या खोलीत जेवणं सोडलं. शिरायचंच झालं तर आधी खाकरायचे, आत परकी बाई बसली आहे म्हणून.

मी म्हणालो, "कायले भेता जी? कागद होय थो."

"कागद नोहे जी. माह्या बुढीची जागा घेऊन रायली थे. डोळे मिटलो का हेच बाई दिसते. एक दिवस बुढीचा चेहरा चालला जाईन, अन् मले समजनार बी नाही."

हसायला उघडलेल्या तोंडानंच मी म्हणालो, "चाला जी, हातानं काढून घेऊ."

मग हातानं चित्र काढणारा शोधायला निघालो. गोंदियात जो तो म्हणे, "चाचा, अब हाथ से कौन बनाता है? दो मिनट में मशीन से ले जाओ." एक जण कबूल झाला. व्याह्यांची अट अशी की मोबाइल धानाच्या कोठीत ठेवायचा आणि डोळ्यांसमोर काढायचं. तो पाणी प्यायला उठला तरी हे विहिरीपर्यंत मागं मागं. नाक काढून झाल्यावर त्यानं मोबाइल मागितला, आणि गेला तो गेलाच.

शेवटी केशोरीकडं नाटकाचे पडदे रंगवणारा एक म्हातारा पेंटर सापडला. त्यानं पेन्सिल हातात घेऊन विचारलं, "कशी होती बाई?"

व्याह्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा तोंडावर राख फासल्यासारखं झालं होतं. "थेच फोटोतली बाई येऊन रायली," म्हणाले आणि माझा हात धरला. हा हात त्यांनी पोरांच्या लग्नातही धरला नव्हता. "तुमी त पंधरा वर्सं येऊन रायले घरी. तुमी सांगा ना जी."

मी कधी कुणाला 'मला ठाऊक नाही' म्हटलेलं नाही. पण आमच्याकडं व्याह्यासमोर विहीण पदर पुढं ओढूनच येते. पंधरा वर्षांत मी तो चेहरा पाहिलाच नव्हता. खोटं सांगणार होतो, जीभ वळली नाही. म्हणालो, "मी फकत हात पायला जी. पान्याचा गिलास ठेवताना. आंगठा जरासा वाकडा."

पेंटरनं तेवढा हातच काढला. व्याही पाहत राहिले. मग कागदावरच्या अंगठ्याला हळूच बोट लावून म्हणाले, "याच्याहून वाकडा होता जी."

पेंटरनं पुसून पुन्हा काढला.

आता त्यांच्या भिंतीवर तेवढा एक हात आहे. चेहरा परत आला का, हे विचारायची माझी अजून छाती झालेली नाही.