घाटातलं वळण

टॅबलेटवर मी काढलेला घाट बघताना बाबांनी उजवा पाय फरशीवर दाबला. तीस वर्षं एसटी चालवलेला तो पाय.

चित्रकला शिकायला लागले तेव्हा मी लांबचा डोंगरही जवळच्या दगडाइतकाच गडद काढायचे. सगळं दृश्य भिंतीसारखं सपाट व्हायचं. हळूहळू कळलं, लांबचं फिकं करत जायचं, थोडं धुक्यात सोडूनच द्यायचं. तेव्हा कुठे बघणाऱ्याला आत शिरायला वाट मिळते.

माझ्या प्रत्येक चित्राला बाबा "छान" म्हणतात. आज म्हणाले नाहीत.

"पलीकडचं काही दिसत नाही गं इथे. हॉर्न द्यायलाच हवा."

इतकी मोठी दाद मला आजवर कुणी दिली नव्हती. त्यांचा पाय अजून ब्रेकवरच होता.