गजूचा उजवा हात

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून कुणाकडे गेलेली नाही. बायकोकडे नाही. आईकडे तर नाहीच, ती गेली तेव्हाही मी तिच्या उशाशी गप्प बसून होतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही नाही. दोनदा पेन खाली ठेवून झालं.

आधी लोक माझ्याबद्दल काय म्हणतात ते ऐका. गोळीबार चौकाच्या मागे आमची सावजी खानावळ आहे. तिथे जेवायला येणारा कुणीही सांगेल, की भाऊ असावा तर असा. धाकटा दारूत बुडाला, त्याची बायको लेकराला घेऊन माहेरी गेली, उजवा हात कामातून गेला, तरी मोठ्याने टाकला नाही. मागची खोली दिली, दोन वेळचं ताट देतो. हे लोक माझ्यासमोरच बोलतात. मी मान खाली घालतो. त्यांना तो माझा मोठेपणा वाटतो.

त्या हाताचं सांगायचं आहे.

पण त्याआधी — नाही, टाळत नाही — आमच्या घरचा एक कायदा सांगावा लागेल. नाहीतर तुम्ही म्हणाल, एका चिमट्यावरून एवढं कुणी करतं का? आम्ही कोष्टी. आजोबा मागावर बसायचे. वडिलांनी माग विकला, चूल मांडली आणि मटणाचा रस्सा रांधायला घेतला. त्यांचा नियम होता : गंज एक तर हात एक. ज्याने गंज, म्हणजे रश्श्याचं भांडं, चुलीवर चढवलं त्याच्याच हातात पळी. दुसऱ्याने चव घ्यावी, मीठ कमी आहे म्हणावं, पण पळीला हात लावायचा नाही. रांधणाऱ्याच्या हातून पळी घेणं म्हणजे तू संपलास असं त्याला चारचौघांत सांगणं. वडिलांचे हात थरथरू लागले तेव्हाही कुणी त्यांची पळी घेतली नाही. एका सकाळी त्यांनीच ती माझ्या हातात ठेवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही.

गजू माझ्याहून सात वर्षांनी लहान. तो दहा वर्षांचा असताना वडील मला एक लहान गंज लावू द्यायचे. मी पाणी आणायला उठलो आणि त्याने गमतीने माझा रस्सा ढवळला. मी तीच तापलेली पळी त्याच्या उघड्या पाठीत घातली. हा मोठा फोड आला. वडील हसले. मला वाटलं, बरोबर केलं आपण. माझा हात असा पहिल्यापासून सैल. रेखावर, म्हणजे माझ्या बायकोवरही उठला आहे — दोनदा. दोनदा असंच लिहायचं ठरवलं होतं. जास्त वेळा.

गजूला चुलीत रस नव्हता. तो बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात लागला, बेस्याला फ्लॅट घेतला, लग्न झालं, साक्षी झाली, आणि मधेच कधीतरी तो प्यायला लागला. खूप प्यायला लागला. वैशाली साक्षीला घेऊन उमरेडला माहेरी निघून गेली. मग त्याने दारू सोडली. कुणाच्या सांगण्यावरून नाही, आपल्या आपण. वैशाली परत आली ती एका बोलीवर : एक थेंब जरी तोंडाला लागला तर मी निघाले, मग बोलवायला येऊ नका. चौदा महिने त्याने पाळलं होतं. मला हे माहीत होतं. सगळ्यांत जास्त मलाच माहीत होतं, कारण तो रोज संध्याकाळी मला फोन करून सांगायचा, दादा, आजचा दिवस गेला.

मग साक्षीचा बारावा वाढदिवस आला. पोरीला त्या कोरियन मालिकांचं वेड. धरमपेठेत एक कोरियन हॉटेल निघालं होतं, तिथेच जायचं म्हणून हट्ट धरला. रविवारच्या दुपारी आम्ही पाच जण गेलो : गजू, वैशाली, साक्षी, रेखा आणि मी. टेबलाच्या मधोमध लोखंडी जाळी, खाली आग. मांसाच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या कच्च्याच आणून ठेवतात, आपल्या आपण भाजायच्या आणि कात्रीने कापायच्या. साक्षीने चिमटा माझ्या हातात दिला. म्हणाली, मोठे बाबा, तुम्हीच करा, तुमच्यासारखं कोणाले जमते? मी बाह्या सारल्या. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

मी मटणाचा माणूस. मटणाला घाई चालत नाही. ठेवायचं, सोडून द्यायचं, आपलं आपण सुटेपर्यंत वाट पाहायची. त्या पट्ट्या मी तशाच ठेवल्या आणि त्या पाहता पाहता कोळसा झाल्या. दुसऱ्या खेपेला जाळीला चिकटल्या. धूर झाला. शेजारच्या टेबलावरची कॉलेजची पोरं वळून बघू लागली. साक्षी हसली, मग वैशाली, मग रेखाही. मस्करीचं हसू होतं, मला ते कळत होतं. तेवढ्यात गजूने हात लांबवला आणि माझ्या हातातून चिमटा काढून घेतला. अलगद. "दे दादा, मी करतो. तू जेव नं."

त्याला चांगलं जमलं. ते आणखीच वाईट. पट्टी टाकायचा, उलटायचा, कापून पहिला घास पोरीच्या ताटलीत. रेखा म्हणाली, "पाहा बापा, भाऊजीले येते. तुमचं आपलं खानावळीतच बरं." सगळे पुन्हा हसले. मीही हसलो.

सोबत त्यांची ती दारू होती. छोट्या गिलासातली, पाण्यासारखी दिसणारी. ती मी मागवली होती, एकट्याने. चौदा महिने कोरड्या राहिलेल्या माणसाच्या समोर मी बाटली ठेवून घेतली, हेही लिहून ठेवतो. गजूपुढे लिंबूपाणी होतं.

पलीकडच्या भिंतीवर गुलाबी दिव्यांची सजावट होती. तिघी फोटो काढायला तिकडे गेल्या. आम्ही दोघेच उरलो. मी गिलास उचलणार तोच गजूने तो आपल्या बाजूला सरकवून घेतला आणि हळूच म्हणाला, "दादा, बस कर नं आता. तिसरा हाय तुया."

तो मला सांगत होता. तो!

मी त्याचं मनगट धरलं. त्याने हसून माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल, मी चिमटा परत मागतो आहे. मी त्याचा तळवा जाळीवर दाबला.

हात घसरला नाही. धक्का लागला नाही. दाबला — आणि धरून ठेवला. चटका बसला की माणूस हात किती झटकन मागे घेतो हे मला धंद्यामुळे पक्कं ठाऊक आहे. त्याहून पुष्कळ जास्त वेळ मी धरून ठेवला. तो ओढत होता, मी उठून अंगाचा भार टाकला. कातडी चरचरली. त्याचा पहिला आवाज घशातच अडकला, म्हणून तिघींना लगेच कळलं नाही. जळका वास आला आणि मी आणखी दाबलं. तेव्हा मला कसं वाटलं, सांगू? बरं वाटलं. पुरतं बरं वाटलं.

मग तो ओरडला. मी सोडलं. तळव्याची कातडी जाळीलाच राहिली होती. मी समोरचा गिलास उचलून त्याच्या हातावर ओतला — दारूचा, लिंबूपाण्याचा नाही. घाबरून जवळचा उचलला की मुद्दाम? तीन वर्षं स्वतःला विचारतो आहे. दोन्ही गिलास सारख्याच अंतरावर होते. दारू भाजलेल्या मांसावर पडली, बाहीवर पडली, शर्टभर झाली. तो टेबलाखाली कोसळला. तिघी धावत आल्या तेव्हा मी म्हणालो, "पेला हाय तो. माया गिलासातून पिऊन राहिला होता. हात घसरला त्याचा."

एवढंच. इतकं सहज तोंडातून आलं, की जणू आधीपासून तिथे तयार होतं.

गिलास त्याच्या बाजूला सापडला. बाहीला वास होता. हॉटेलात कॅमेरा होता म्हणतात, पण तो बघायला मागणार कोण? शंका कुणाला होती? दवाखान्यात डॉक्टरांनी वास येतो असं कागदावर लिहिलं आणि तो कागद वैशालीने वाचला. गजू स्ट्रेचरवरून सांगत होता, "नाही पेलो वं मी. दादानं दाबला माया हात. खरंच सांगतो." तेव्हा मी पुढे झालो आणि सगळ्यांदेखत त्याच्या तोंडात मारली. पिऊन वर माझं नाव घेतो म्हणून. भाजलेल्या माणसाला मारलं. आणि वैशालीने — मला अजून तिचा चेहरा दिसतो — माझा हात धरला, मला बाजूला नेलं, आणि माझीच माफी मागितली.

ती आठवड्याच्या आत उमरेडला गेली. साक्षीला घेऊन.

तळवा भरून आला तो आकसूनच. मधली तीन बोटं वळत नाहीत. कारखान्यात तुटलेला धागा जोडायचं काम, ते गेलं. बेस्याचा फ्लॅट सुटला आणि तो माझ्या मागच्या खोलीत आला. आठ महिने त्याने थेंब घेतला नाही. कुणी विचारत नसताना, समोर येईल त्याला सांगत राहिला, मी नव्हतो प्यायलो. लोक हो हो म्हणायचे आणि माझ्याकडे बघून डोळा घालायचे. नवव्या महिन्यात तो पिऊन आला. त्या दिवशी मी त्याला खानावळीपुढच्या रस्त्यावर चपलेने बडवला आणि मनातून हलका झालो. आता माझं खोटं खरं झालं होतं. तुम्हाला असं कधी झालं आहे का, की एखाद्याचा सत्यानाश पाहून सुटल्यासारखं वाटावं?

तो आता सांगत नाही. एकदाच, जेवताना, डाव्या हाताने भाकर मोडता मोडता म्हणाला, "दादा, तुले त मालूम हाय नं." मी म्हणालो, "जेव. थंडं होऊन राहिलं."

मागच्या रविवारी साक्षी आली. उमरेडच्या बसने, एकटीच. पंधरा वर्षांची झाली आहे, बापासारखी उंच. सकाळची वेळ, गिऱ्हाईक यायचं होतं. रेखा बाजारात गेली होती. पोर गल्ल्यापाशी उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"मोठे बाबा, एक विचारू? बाबा त्या दिवशी खरंच पेले होते का?"

मी गल्ल्यातली चिल्लर मोजायला घेतली.

"दवाखान्यात नेताना मी त्यायच्या बाजूलेच बसली होती. ते कण्हत होते, तोंड माझ्या गालापाशी होतं. वास बाहीचा होता. तोंडाचा नव्हता. मले त्यायचा वास माहीत हाय, मी लहानपणापासून घेतला हाय. आई ऐकत नाही. तुम्ही तिथंच होते. तुम्ही सांगाल ते मी मानीन. नसन पेले, त मी आजच त्यायले घेऊन जाते. आईचं मी पाहून घेईन."

मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत खाटेची करकर झाली. तो उठून बसला होता. ऐकत होता.

मी चिल्लर पुन्हा गल्ल्यात टाकली. पोरीने घाई केली नाही. माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मला काय होणार होतं? ती मला पोलिसात देणार नव्हती. फार तर थुंकली असती. आणि तो पन्नास पावलांवरून बस पकडून लेकीबरोबर गेला असता. मी हे सगळं मनात नीट पाहिलं. मग म्हणालो, "पेला होता, बेटा."

तिने मान हलवली. बस आहे म्हणाली. मागच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आत न जाता निघून गेली.

मी ताट वाढून मागे नेलं. दाराला आतून कडी होती. मी ताट उंबऱ्यावर ठेवलं, वर झाकण घातलं आणि पुढे येऊन गिऱ्हाइकांना पाणी दिलं.